दादा दगडाच्या छताखाली गेला

१२ एप्रिल, शनिवार. नांदेड

लातूरहून परत. अहमदपूरपर्यंत एसटीत उभी, तिथं जागा मिळाली. बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पिशवीत चौथीच्या उत्तरपत्रिका होत्या, त्या काढून तपासत बसले. अर्धी पोरं हातचा विसरलीत.

डॉक्टरांनी दादाला बाहेर बसवून वहिनीला आणि मला आत घेतलं. जठराचा कॅन्सर. यकृतात गेलाय. "सहा महिने धरा. कमीच." वहिनी एवढंच म्हणाली, "त्यांना सांगू नका."

बाहेर आलो तर दादा बाकावर बसून समोरची भिंत बघत होता. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, दवाखान्यात आला तरी भिंतच बघणार.

"काय म्हणले?"

"अल्सर आहे दादा. औषधानं उतरंल."

"बरं." थोड्या वेळानं, "ह्ये प्लास्टर कुणी केलंय गं? समदं पोकळ हाय."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "बार्सिलोनाचं काय करायचं?"

मी विसरूनच गेले होते.

१४ एप्रिल, सोमवार

प्रतीक्षाला फोन. लेक तिकडं शिकायला जाऊन वर्ष होत आलं. तिचाच हट्ट होता, मेच्या सुट्टीत आई आणि मामा दोघांनी यायचं. दोघांचे व्हिसा मागच्या महिन्यात आले. ह्यांना विमान नको, वहिनीला जनावरं सोडवत नाहीत.

ती फोनवर रडली. मग म्हणाली, "आई, मामाला आणच. त्यांना ते चर्च बघायचंय."

दिवाळीत तिनं मोबाइलवर दाखवलं होतं, सग्रादा फमिलिया. शंभर वर्षांच्या वर झाली, अजून बांधकाम चालूच. दादानं मोबाइल हातात घेऊन बोटानं फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "येवढा दगड येवढ्या वर न्हेऊन ठिवला, अन् ह्ये लोकं त्याच्याखाली खुशाल हिंडायलेत?" एवढंच विचारलं होतं.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "आत्ताच जाऊ द्या. नंतर जमायचं नाही."

२० एप्रिल, रविवार. किल्लारी

मायला सांगायला गेले. दादानं मोटारसायकलवर सोडलं, पण नेहमीसारखा चुलत्याच्या घराच्या अलीकडं लिंबाखाली थांबला. माय भूकंपापासून चुलत्याकडं राहते. दादाचं घर गावातच, पण त्याचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही, दादाच्या लग्नातसुद्धा मांडवाच्या कडेला बसून होती. गावात सगळे म्हणतात, सासू-सुनेचं पटत नाही. मीही तसंच समजत आले.

"माय, दादाला घेऊन चाललेय प्रतीक्षाकडं. परदेशात."

"बरं."

"दादाची तब्येत बरी नाही."

माझ्या कानाकडं बघत म्हणाली, "जाऊन या मग."

येताना जुन्या गावावरून आलो. आमचं घर होतं तिथं नुसत्या बाभळी. मी अकरा वर्षांची होते. आबा गेले, चार वर्षांचा धाकटा भाऊ गोविंद गेला. मला दादानं उकरून काढलं. गोविंद झोपेतच गेला, त्याला काही कळलं नाही, असं मला सांगतात. दादा तिथं गाडी हळू करत नाही. मीही कधी थांब म्हणत नाही.

११ मे, रविवार

दादाची बॅग भरली. वहिनीनं शेंगाचटणी, धपाटे, गोळ्यांची पाकिटं दिली. दादाचं वजन नऊ किलो उतरलंय. नवीन पॅन्ट आत्ताच सैल.

एक गोष्ट मनात येते आणि कुणाला सांगत नाही. भूकंपापासून दादा दगडाच्या छताखाली गेलेला मी पाहिलेला नाही. देवळात जात नाही, बाहेरूनच हात जोडतो. औशाला किल्ला बघायला शाळेची सहल नेली तेव्हा सोबत आला होता, पण दरवाजातून आत आला नाही. म्हणाला, तुम्ही बघून या, मी चपला सांभाळतो. आणि आता एवढ्या लांब नेऊन त्याला नेमकं काय दाखवणार आहोत आपण?

१७ मे, शनिवार. बार्सिलोना

पोचलो. हैदराबाद, मधे आखातात विमान बदललं, मग इथं. दादानं विमानात दोन घोट चहा घेतला, तोही उलटला. हवाईसुंदरीला म्हणाला, "माफ करा ताई." तिला काही कळलं नाही, पण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रतीक्षा चौथ्या मजल्यावर राहते. सोबतच्या मुली गावी गेल्यात, म्हणून घर मोकळं आहे. जिना चढताना दादा प्रत्येक मजल्यावर थांबला. कारण विचारलं की म्हणायचा, "पायऱ्या बघून राहिलो. चांगल्या घडवल्यात." पोरगी पाठ फिरवून कुलूप उघडत राहिली. कुलूप उघडायला एवढा वेळ लागत नाही.

१९ मे, सोमवार

गेलो. आत गेलो नाही.

मेट्रोतून वर आलो आणि एकदम समोरच. फोटोत दिसतं तसं नाहीच. अंगावर येतं. वर क्रेन. दगडावर पानं, पाखरं, माणसं, कासवं, बोट ठेवायला मोकळी जागा नाही. दादा रस्त्याच्या कडेला उभा राहिला तो तिथंच. लोक त्याला वळसा घालून जात होते.

आमची वेळ अकराची होती. दरवाजापर्यंत आला. आत डोकावला. कपाळावर घाम.

"तुमी जाऊन या. मी बसतो हितं."

प्रतीक्षा म्हणाली, "मामा, तुम्हीच तर म्हणत होता..."

"हाव. म्हणत व्हतो." आणि परत फिरला.

समोर तळं असलेली बाग आहे. तिघं तिथं बसून राहिलो. शेजारच्या बाकावर एक म्हातारी कबुतरांना दाणे टाकत होती, तिनं दादालाही मूठभर दिले. दादा दाणे टाकत, वर बघत बसला. दोन तास. मधेच म्हणाला, "ज्यानं सुरू केलं त्यानं पुरं झालेलं बघितलंच न्हाई म्हण की."

प्रतीक्षा म्हणाली, "हो मामा. त्याला माहीत होतं, आपल्या हयातीत होणार नाही."

"तरी केलं."

२१ मे, बुधवार

आज सकाळी स्वतःच म्हणाला, "चला. आज जातो."

काय लिहू.

आत शिरताना टोपी काढून हातात घेतली. दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, घट्ट. पन्नास पावलं त्यानं खालीच बघितलं. मग एका खांबाशी थांबला आणि त्यावर पंजा ठेवला. काळा खांब. "ह्यो आपला दगड हाय," म्हणाला. "आपल्या शिवारातला हाय ह्यो, काळा पाषाण." प्रतीक्षानं वाचून सांगितलं, हो, त्याच जातीचा. तेव्हा कुठं त्यानं वर बघितलं.

खांब वर जाऊन त्यांना फांद्या फुटतात आणि फांद्यांवर छत. पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड, दादाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला. मी उजेड बघत होते, तो वजन बघत होता. "खांब सरळ न्हाईत, सुरे. तिरपे हायत. ज्या अंगानं भार यायलाय, त्या अंगाला झुकवलेत." परत म्हणाला, "आपल्या घराला नुसत्या मातीत बसवलेल्या भिंती, अन् वर माळवदाची दोन हात माती. ते पडणारच व्हतं."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घराचं नाव काढलं.

खाली तळघरात एक नमुना आहे. दोऱ्या टांगून त्यांना वजनाच्या पिशव्या लावल्यात, खाली आरसा. दोऱ्या लोंबतात, आरशात त्या उलट्या होऊन कमानी दिसतात. बांधणाऱ्यानं असा हिशेब केला होता. दादा त्याच्यापुढून हलेना. प्रतीक्षा सांगायला लागली तर म्हणाला, "कळलं बाळा. भित सरळ हाय का बघायला आमी सोडतो त्यो वळंबाच हाय की."

मग बाहेर आलो. बाजूला एक छोटी विटांची शाळा आहे, लाटांसारखं छत, भिंती पातळ आणि नागमोडी. इथं काम करणाऱ्या गवंड्यांच्या पोरांसाठी बांधलेली. मास्तरीण म्हणून मला तीच जास्त आवडली. प्रतीक्षा पाणी आणायला गेली. आम्ही दोघं तिथं टेकलो.

दादा म्हणाला, "सुरे, गोविंद झोपेत गेला न्हाई."

मला वाटलं, दुखतंय म्हणून काहीतरी बोलतोय.

"दोगांचा बी आवाज येत व्हता. तू चुलीच्या अंगाला, त्यो दाराच्या अंगाला. मी वसरीत झोपलेला, माय भाईर गेल्ती, म्हणून आमी वाचलो. माय दाराकडं बसून वरडत व्हती, 'बाला, गोविंद हितं हाय, हितं उकर.' मी गेलो न्हाई तिकडं."

मी त्याच्या हातातल्या टोपीकडं बघत होते.

"तुजा हात वर आल्ता, म्हणून आधी तुला..." थांबला. टोपी गुडघ्यावर ठेवली, परत उचलली. "न्हाई. आता खोटं कशाला बोलू. हात मागून दिसला. मी आधीच तुज्याकडं उकरायला लागलो व्हतो. गोविंद मायचा व्हता. तू माजी व्हतीस. म्या कडेवर वागवलेली."

"दादा."

"तुला भाईर काढलं तवर तिकडं गप झाल्तं."

मी विचारलं, "हे आत्ता का सांगतोस मला?"

"मग कवा सांगू? अल्सर हाय ना मला." हसला. "लातूरच्या त्या वार्डात समदे अल्सरवालेच व्हते. एकाच्या बी डोक्यावर केस न्हाई."

मी उठले आणि चालत गेले. त्याला तिथं सोडून. कुठं जातेय माहीत नव्हतं, रस्ते सगळे सारखे. "मला कुणी विचारलं होतं?" असं मोठ्यानं बोलले बहुतेक, एक बाई वळून बघत होती. परत आले तर प्रतीक्षा त्याला बाटलीनं पाणी पाजत होती. तो मुकाट पीत होता, लहान मुलासारखा.

मेट्रोनं घरी आलो.

२२ मे, गुरुवार

दिवसभर घरात. दादा झोपून. मी भांडी घासली, घासलेली परत घासली.

आठवून राहिलंय ते लिहून ठेवते. भूकंपानंतर मायनं माझी वेणी घातली नाही. एकदाही नाही. दादा घालायचा, वाकडीतिकडी, शाळेत पोरी हसायच्या. मी समजायची, माय दुःखानं अशी झाली. आबा गेले, गोविंद गेला. मी राहिलेय त्याचं तिला काहीच कसं वाटत नाही, हे कधी कधी मनात यायचं, आणि आपण वाईट पोरगी आहोत असं वाटायचं.

ती माझ्याशी बोलताना कानाकडं बघते. डोळ्यांत कधी बघत नाही. का, ते आता कळलं.

की कळलं असं वाटतंय.

प्रतीक्षा विचारत होती, "आई, तिथं काय झालं? मामा काय म्हणाले?" मी म्हणाले, घराची आठवण निघाली. खोटं नाही.

२३ मे, शुक्रवार

सकाळी दादाच्या उशाशी बसले. म्हणाले, रागावले नाही. तो म्हणाला, "राग आला तरी चालतंय."

मग त्याच्या पायाला तेल लावलं. पिंढऱ्या उरल्याच नाहीत. खूप वेळ लावत बसले. त्याला झोप लागली तरी हात थांबवावा वाटेना. गोविंदचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवत. फोटोही नाही. त्याच्या कमरेचा काळा करदोटा तेवढा आठवतो.

२६ मे, सोमवार

निघायचं आधीच ठरवलं. दादाला काही पचत नाही. प्रतीक्षा विमानतळावर मामाला मिठी मारून सोडेना. तो म्हणाला, "लई चांगलं दाखवलंस बाळा. कामाला लाग आता." ती काचेच्या पलीकडं उभी राहिली, आम्ही दिसेनासे होईपर्यंत. तिला माहीत होतं, हे शेवटचं. त्यालाही.

विमानात डोळे मिटून बसला होता. मधेच म्हणाला, "मायला म्हणावं..."

"काय म्हणू?"

"काय न्हाई. र्‍हाऊ दे."

३१ मे, शनिवार. लातूर

दादा दवाखान्यात भरती. पोटात पाणी झालंय. वहिनीला मी सांगितलं की त्याला सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "मला बी ठावं हाय त्यांना ठावं हाय ते." दीड महिना तिघंही एकमेकांना अल्सर अल्सर म्हणत होतो.

वहिनीला गोविंदचं माहीत आहे का, विचारलं नाही.

४ जून, बुधवार. नांदेड

दोन दिवस घरी. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "वीस वर्षांच्या पोराला कुणी असलं काही निवडायला लावू नये." मग उठून बाहेर गेले आणि अर्ध्या तासानं केळी घेऊन आले, अर्धापूरची, दादाला आवडतात म्हणून. दादा आता केळंसुद्धा खात नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी डब्यात भरून ठेवली.

मायकडं जायला पाहिजे. भीती वाटते. त्रेचाळीस वर्षांची बाई, चाळीस पोरांचा वर्ग सांभाळते, आणि आईची भीती वाटते.

८ जून, रविवार. किल्लारी

गेले. चुलती शेतात होती. माय एकटी, पडवीत हरभरा पाखडत होती. मी समोर बसले.

"माय, दादा लातूरला दवाखान्यात आहे. आता फार दिवस नाहीत."

सूप चालूच.

"त्यानं मला सांगितलं. गोविंदचं. तू सांगत होतीस तिकडं उकरलं नाही ते."

सूप थांबलं. मांडीवर ठेवलं. कोंबड्या आल्या, तिनं हाकलल्या नाहीत.

"काय सांगितलं?"

मी जसं ऐकलं तसं सांगितलं. चुलीचं अंग, दाराचं अंग. हात मागून दिसला तेही.

सुपातच बघत म्हणाली, "मला गोविंदाचा आवाज येत नव्हता."

"पण तू ओरडत होतीस, हितं हाय म्हणून."

"वरडणारच की. आई हाय मी." मग, "त्यो तिथं निजला व्हता, म्हणून तिथं वरडत व्हते. आवाज न्हाई आला."

"दादाला येत होता म्हणतो."

"त्याला आला आसंल. मला न्हाई आला."

"मग त्याच्याशी बोलत का नाहीस, माय? बत्तीस वर्षं?"

तिनं हरभऱ्याचा एक दाणा उचलला, बोटात फिरवत बसली. "त्यो तुज्याकडं उकरायला लागला, तवा मला बरं वाटलं. वाटलं, एक तरी निघंल. लेकराकडून माजं मन फिरलं त्या घडीला. वरडत व्हते एक अन् मनात एक. बालाचं तोंड बघितलं की तीच घडी म्होरं येती. तुजं बघितलं तरी." आणि मग, "त्याचा राग न्हाई मला. कवाच नव्हता."

"हे त्याला सांगितलंस कधी?"

"कसं सांगू?"

खरं बोलली की पोरगी समोर बसलीय म्हणून, पोरगा मरायला टेकलाय म्हणून बोलली, मला कळत नाही. ती सांगताना परत माझ्या कानाकडंच बघत होती. आवाज होता की नव्हता, हे आता कोण सांगणार. दोघांपैकी एकाचं चुकतंय. किंवा...

निघताना म्हणाली, "बुधवारी जीप करून ये. मी येते."

११ जून, बुधवार. किल्लारी

मायला घेऊन लातूरला गेले. नवं लुगडं नेसली होती. जीपमध्ये पुढं बसली, दोन्ही हातांनी समोरचं धरून. औसा मागं पडलं. मग विचारलं, "दात हायत का त्याचे? की पडले?" मी म्हणाले, आहेत. मनात आलं, माय, रोज त्याच गावात राहून तू त्याला एवढंही बघितलं नाहीस?

दवाखान्यात वहिनी तिला बघून उठून उभी राहिली, पदर घेतला. दादा जागा होता. त्यानं मायला बघितलं आणि उठून बसायला लागला, सलाइनची नळी ताणली. मायनं त्याच्या छातीवर तळहात ठेवून त्याला परत निजवलं. तेवढंच. मग आमच्याकडं न बघता म्हणाली, "तुमी भाईर बसा."

वहिनी आणि मी बाहेरच्या बाकावर. दाराच्या काचेतून मायची पाठ दिसत होती, आणि दादाचा एक पाय. बोलतेय की नाही ते दिसत नव्हतं. वहिनी म्हणाली, "सासूबाई काय म्हणत असतील?" मी म्हणाले, माहीत नाही. नर्स आत जायला लागली तर वहिनीनं तिचा हात धरला, "जरा थांबा ताई." नर्स थांबली.

पाऊण तासानं माय बाहेर आली. डोळे कोरडे. "त्याला पाणी पायजे," म्हणाली. मी आत गेले. दादा भिंतीकडं तोंड करून पडला होता. खांदा हलत होता, पण तो आजकाल श्वासानंही हलतो. चमच्यानं पाणी दिलं. त्यानं तीन चमचे घेतले. 

परत येताना जीपमध्ये माय माझ्या शेजारी, मागं बसली. किल्लारी येईपर्यंत खिडकीतून शेतं बघत होती. नांगरून ठेवलेली. चुलत्याच्या दारात उतरली, दोन पावलं गेली, परत फिरली.

"आता परत कवा जायाचं?"

मी म्हणाले, "उद्या."

"बरं," म्हणाली. "सकाळी लवकर ये."